गारवा समाधानकारक आहे

बिघाड दोन प्रकारचे असतात: दुरुस्त करायचे आणि मान्य न करायचे. पहिल्या प्रकाराला पाना लागतो, दुसऱ्याला पद लागतं. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका मोठ्या कार्यालयात दर्जा-तपासणी विभागाचे प्रमुख असल्यामुळे त्यांच्या गाडीच्या एसीचा बिघाड साहजिकच दुसऱ्या प्रकारचा होता.

हा एसी हवा सोडायचा, नाही असं नाही. कोमट चहावर कुणी फुंकर घालावी, तशी ती यायची. भाऊजींनी तिला 'सौम्य गारवा' असं नाव दिलं होतं. तरीही माणूस निःपक्षपाती, म्हणून त्यांनी रीतसर जनमत घेतलं. समोरचे दंतवैद्य, वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक, इस्त्रीवाला असे सात जण गाठले. चौघांनी गॅस गेल्याचं सांगितलं, दोघांनी कॉम्प्रेसर गेल्याचं, आणि इस्त्रीवाला म्हणाला, "विकून टाका." (या सातांपैकी बॉनेट उघडून पाहिलेल्यांची संख्या शून्य. पण बहुमताला बॉनेट लागत नाही.) मतं जुळेनात, तेव्हा भाऊजींनी निष्कर्ष काढला की बिघाडच नाही. असता तर सगळ्यांना एकच दिसला असता.

"अहो, काचा तरी खाली घ्या," ताई म्हणायची.

"काच खाली घेतली की लोकांना वाटेल एसी चालत नाही."

"चालत नाहीच आहे."

"म्हणूनच म्हणतो."

ताई पदराने वारा घ्यायची.

अशातच मुख्य कार्यालयाचे मोठे साहेब तपासणीला येणार असल्याची खबर आली. भाऊजींची बढती साहेबांच्या एका सहीवर अडलेली. कार्यालयाची गाडी ऐनवेळी बंद पडली (तिचाही दर्जा भाऊजींच्याच विभागाने तपासला होता), तेव्हा भाऊजींनी छातीवर हात ठेवून स्वतःची गाडी देऊ केली. मी चालवायला, ताई माझ्या शेजारी, कारण साहेब आमच्याकडेच जेवणार होते. मागे साहेब आणि भाऊजी. वेळ भर दुपारची, काचा घट्ट बंद.

पहिल्याच चौकात साहेबांच्या कपाळावर घामाचा एक थेंब उमटला. तो भुवईपर्यंत उतरला, तिथे थोडा थांबला आणि मग पदाचा मान न राखता सरळ नाकावर आला. हे मला आरशात दिसत होतं. भाऊजींनाही शेजारून दिसत असणार, पण ते समोर बघत होते.

"गारवा बरा आहे ना, सर?"

आता साहेब काय म्हणणार? पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या मिठाला नावं ठेवू नयेत, तसंच हे. साहेब म्हणाले, "उत्तम. किंबहुना जरा जास्तच."

भाऊजींचा चेहरा असा उजळला की गाडी आणखी तापली. "अरे, कमी कर," ते मला म्हणाले. "सरांना बाधेल."

मी एसी चारावरून एकावर आणला. स्वतःच्या शब्दाला जागण्यासाठी साहेबांनी कोटाचं वरचं बटण लावलं. साहेबांनी लावलं म्हणून भाऊजींनीही लावलं. मग दोघे बराच वेळ दर्जा या विषयावर बोलत राहिले. बोलता बोलता साहेबांची वाक्यं आखूड होऊ लागली, नंतर नुसती क्रियापदं उरली, आणि शेवटी ते "हं" वर आले. त्यांचा रंग पाहून मला खरोखर धास्ती वाटली. बढती राहिली बाजूला, इथे पद रिकामं व्हायची वेळ आली होती.

तेवढ्यात ताई शांतपणे म्हणाली, "सर, माफ करा हं. मला मळमळतंय. काचा खाली घेते."

आणि तिने चारही काचा खाली करायला मला खूण केली.

साहेबांनी एवढा खोल श्वास घेतला की रस्त्यावरच्या बसचा धूरही त्यांनी कृतज्ञतेने आत घेतला. "घ्या, घ्या," ते म्हणाले. "प्रकृती आधी."

"हिला गारवा सोसत नाही, सर," भाऊजींनी खुलासा केला.

बाहेर तोंड करून ताई हसत होती की रडत होती, ते मला गाडी चालवता चालवता कळलं नाही.

जेवण झालं, सही झाली. शिवाय मुख्य कार्यालयातल्या दालनांचं वातानुकूलन सुधारण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचं अध्यक्षपदही साहेबांनी भाऊजींना दिलं. शेरा असा होता: 'सदर अधिकाऱ्यांचा या विषयातील व्यक्तिगत अनुभव मी स्वतः घेतला आहे.'

पुढे गाडी सर्व्हिसिंगला गेली. मेकॅनिकने डॅशबोर्डच्या कप्प्यामागून हवेचा फिल्टर ओढून काढला. मला आधी तो मेलेला उंदीर वाटला. "हा इतका तुंबलाय. हवा येणार कुठून?" मेकॅनिक म्हणाला. "नवीन टाकतो, लगेच होईल."

"आहे तोच परत बसवा," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. "वरिष्ठांनी याच स्थितीत पसंत केलेली यंत्रणा आहे. परस्पर फेरफार करता येत नाही."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.

ताईला हल्ली गाडीत बसलं की हमखास मळमळतं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही सापडलं नाही. भाऊजी तिची मनापासून काळजी करतात आणि काचा लगेच खाली घेतात. दोघांचं आता उत्तम चाललंय.

वाचकहो, एवढ्यात तुम्ही साहेबांना हसलात. हसा. पण तुम्हीही कुणाच्या तरी गाडीत पाठीला चिकटलेला शर्ट सोडवत म्हणाला होतात, "नाही हो, छान गार आहे." त्या भल्या माणसाने तुमचा शब्द खरा मानला. त्याच्या घरची माणसं आजही त्याच गाडीत बसतात.