तीन ओळींची सिद्धता

ग्रोझाँ यांनी व्हुइयो यांना घडवले, व्हुइयो यांनी मला, म्हणजे ओदिल जानरोला, आणि मी माझ्या विद्यार्थ्याला, एलीला. फ्रान्समधल्या बेझाँसाँच्या आमच्या गणिती घराण्याची ही वंशावळ! या घराण्यात फळ्यावर चुकीची ओळ कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही.

एलीच्या पीएचडीची जाहीर तोंडी परीक्षा होती. विषय, फूरिए गुणक. म्हणजे सुरावटीतला एकेक सूर वेगळा काढून कमीजास्त करणारी कळ. समूहाच्या क्रियेच्या, म्हणजे नियमाने होणाऱ्या फिरवाफिरवीच्या, पाठीवर बसवून ती अशा अवकाशात न्यायची, जिथे क गुणिले ख आणि ख गुणिले क सारखे नसतात. आणि तिथेही ती आवाक्यात राहते हे सिद्ध करायचे. त्यासाठी पोराने शंभर पाने लिहिली होती. शेजारच्या खोलीत त्याची आई पाहुण्यांसाठी कोंते चीज कापत होती.

आणि ऐन परीक्षेत मला एक कल्पना सुचली! सुचलेले पोटात ठेवणे आमच्या घराण्यात नाही.

"शंभर पाने?" मी पहिल्या रांगेतून गरजले. "अरे, हे तीन ओळींचे काम आहे!"

"मादाम, आत्ता नको ना..."

"खडू दे!"

मी झरझर तीन ओळी लिहिल्या. परीक्षकांचे अध्यक्ष फान ओमेरेन यांनी चष्मा काढला.

"सुंदर! पण मादाम, मग या मुलाला पदवी द्यायची कशासाठी?"

हार घालायला गेले आणि पोराचा गळाच आवळला!

"त्याचे अक्षर फार सुरेख आहे," मी म्हणाले.

"प्रबंध छापील आहे, मादाम."

"माझ्या ओळी तशा अवघड आहेत हो!"

"मला तर चटकन समजल्या."

एली चिजासारखा पिवळा पडला होता. तो फळ्याकडे पाहत पुटपुटला, "मादाम, दुसरी ओळ..."

"काय झाले तिला?"

"ट्रेस म्हणजे कर्णावरची बेरीज, तिच्या आत तीन घटकांचा गुणाकार आहे. गोलात बसलेल्या माणसांसारखे सगळ्यांनी एकेक जागा सरकायचे, तेवढीच मुभा. तुम्ही शेजारच्या दोघांचीच अदलाबदल केलीत."

मी पाहिले. केली होती! पहिल्या वर्षाच्या पोराने हे केले असते, तर मी त्याला दाराबाहेर उभे केले असते. आता एका पारड्यात घराण्याची अब्रू, दुसऱ्यात एलीची पदवी.

"मोठ्याने बोल!" मी ओरडले. "अध्यक्षांना ऐकू गेले नाही! मी चुकले म्हणून सांग!"

"मादाम चुकल्या!" एली किंचाळला. इतक्या आनंदाने किंचाळण्याची काही गरज नव्हती.

परीक्षक आत गेले, बाहेर आले. सगळे उभे राहिले.

"पदवी एकमताने," अध्यक्ष म्हणाले. "शंभर पाने कशाला लागतात, ही शंका कोणाच्याही मनात राहू नये म्हणून मादाम जानरो यांनी जातीने परिश्रम घेतले. मंडळ त्यांचे ऋणी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मान किंचित लववून त्या स्वीकारल्या. दुसरे करण्यासारखे उरले तरी काय होते!