पाखरांसाठी एनओसी

युसुफसाहेबांनी रजेचा अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "पर्सनल म्हणजे काय, नॉरबर्ट?"

"पर्सनल म्हणजे पर्सनल, सर."

बायकोच्या, लिडियाच्या वर्षाची मिस्सा येत्या शुक्रवारी वसईच्या चर्चमध्ये आहे, एवढं एकच वाक्य त्याला बोलायचं होतं. दोह्याच्या अल मुंतझातल्या त्या ऑफिसात बावीस वर्षांत त्याने इतकी पत्रं टाईप केली होती, की एकापुढे एक ठेवली तर कागदांवरून चालत वसई गाठता आली असती. पण हे वाक्य ओठांशी आलं की घशात बोंबलाचा नव्हे, चांगला घोळीचा काटा अडकायचा. म्हणून त्याने रकान्यात 'पर्सनल' लिहिलं आणि गुरुवारचं तिकीट काढून ठेवलं.

"रजा देतो," युसुफसाहेब म्हणाले. "पण आधी माझं एक पर्सनल काम कर."

काम असं होतं. वडील गेल्यावर युसुफसाहेब आणि त्यांचे थोरले भाऊ अब्दुल रहमान यांच्यात दोह्याच्या उत्तरेकडची जमीन वाटली गेली. मध्ये कुंपण आलं, कुंपणावरून बोलणं झालं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. त्याला अकरा वर्षं झाली. दर हिवाळ्यात तिथे हुबारा उतरायचा. माळढोकाच्या जातीचं पाखरू, अंगाने कोंबड्याएवढं आणि मानाने जावयाएवढं. पाखरांना कुंपण कळत नाही म्हणतात, ह्याला बरोबर कळत होतं. तो उतरायचा तो थोरल्याच्याच बाजूला. युसुफसाहेबांचा ससाणा आता म्हातारा झाला होता, नजर गढूळ झाली होती. हा त्याचा शेवटचा मोसम, आणि मोसम संपायला दहा दिवस उरले होते. शिकारीचा परवाना खिशात होता, पण दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवायचा तर मालकाची परवानगी हवी.

"आपण एक फोन केलात तर..." नॉरबर्टने सुचवलं.

"मी मागणार नाही," युसुफसाहेब म्हणाले. "कंपनी मागेल."

मग कंपनीने लेटरहेडवर तीन प्रतींत एनओसी तयार केली. विषय : आपल्या खाजगी जमिनीवर हुबारा जातीच्या पक्ष्यांची शिकार करण्यास हरकत नसल्याबाबत. पक्ष्यांची संख्या : एक ते दोन. शिकारीचं प्रयोजन काय लिहावं हे नॉरबर्टला सुचेना. त्याने लिहिलं, पर्सनल.

मंगळवारी सकाळी तो गोदाम सांभाळणाऱ्या फजलला घेऊन निघाला. नॉरबर्टला अरबी थोडीफार कळायची, बोलता यायची नाही. फजल रत्नागिरीकडचा. त्याची अरबी इतकी पक्की की उंटसुद्धा त्याला सलाम करतात, असं तो स्वतःच सांगायचा.

"नॉरबर्टभाई, कागूद आदी दाखवू नका," त्याने वाटेत बजावलं. "आदी बसायचं, खजूर खायचा, तब्येत विचारायची. मग माझी खूण."

अब्दुल रहमान बैठकीत आठदहा म्हाताऱ्यांसह बसले होते. धाकट्याचा माणूस आलाय हे कळताच सगळी दाढी-मंडळी सरसावून बसली. खजूर आला. मग लांब चोचीच्या किटलीतून बोटभर कपात वेलदोड्याची कॉफी आली. नॉरबर्टने कप दोन्ही हातांनी घेतला, मान लववली आणि समोरच्या गालिच्यावर अलगद ठेवून दिला.

बैठकीतली कुजबुज थांबली. अब्दुल रहमान सावकाश म्हणाले, "कॉफी पी. तुझं काम झालं."

"शुक्रन," नॉरबर्ट म्हणाला, छातीवर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

फजल त्याच्या कानाशी लागला. "कप उचला. इकडं पाव्हण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली तर त्याचा अर्थ, मागणं मोठं हाय. मालक 'पी' म्हणाला की मागणं मान्य."

"काय मागतोय ते न ऐकताच?"

"हा. तीच तर शान हाय."

"मग सही कशावर घेऊ?"

"आदी प्या तरी."

"फजल, मी कॉफी सोडलीय. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक हाय. त्यांना कुठं ठाऊक?"

तिकडे अब्दुल रहमानांनी आपल्या परीने हिशेब मांडला होता. नुसत्या 'पी'वर पाहुणा हलत नाही, म्हणजे मागणं साधं नाही. "युसुफला पूर्वेची विहीर हवी?" त्यांनी विचारलं. "दिली. पी."

नॉरबर्टने मान हलवली.

"विहिरीसकट खजुरीची बाग? दिली."

म्हाताऱ्यांपैकी एकाने उसासा टाकला. नॉरबर्टने पुन्हा छातीवर हात ठेवला. त्याला एवढंच सांगायचं होतं की कॉफी नको. पण हात छातीवर गेला की त्यांना वाटे, हृदयातलं काही मागतोय.

"नात?" थोरल्यांचा आवाज खाली आला. "युसुफच्या मुलासाठी माझी नात मागायला आलास?"

फजल घामाघूम झाला. "नॉरबर्टभाई, आता लगीन जुळतंय. कागूद काढा."

नॉरबर्टने बॅगेत हात घातला. काळ्या फोल्डरचं टोक दिसलं, आणि अब्दुल रहमानांचा चेहरा एकदम उतरला. ते उठून उभे राहिले. त्यांच्याबरोबर सगळेच उठले.

"युसुफ गेला," ते म्हणाले. "आईच्या कबरीशेजारची जागा मागायला आलास तू. ती मी त्याला देणार नाही असं बोललो होतो." डोक्यावरच्या रुमालाचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं. "दिली. सगळं माफ केलं. आता तरी पी."

"नाही हो, जिवंत आहेत," नॉरबर्ट घाईघाईने म्हणाला. "कालच माझी रजा अडवली त्यांनी."

फजलने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं अरबीत घातलं आणि फोल्डर पुढे केलं. थोरल्यांनी कागद वाचला. पक्ष्यांची संख्या वाचली. मग खाली बसले. रडून झाल्यावर माणूस जिवंत निघाला की थोडा रागच येतो.

"एका पाखरासाठी," ते म्हणाले, "तू माझ्या घरातली कॉफी थंड केलीस?"

आता सांगावंच लागलं. नॉरबर्ट गालिच्याकडे बघत हिंदीत बोलला आणि फजल एकेक वाक्य अरबीत सोडत गेला. बायको आजारी होती. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी दोघांची कॉफी तीच करायची. ती बरी होईपर्यंत कॉफी घेणार नाही, असा नवस बोललो होतो. ती गेली.

"अल्ला तिला रहमत देवो," अब्दुल रहमान म्हणाले. "पण गेली म्हणजे नवस सुटला."

"मी 'बरी होईपर्यंत' बोललो होतो," नॉरबर्ट म्हणाला. "अजून झाली नाही."

हे वाक्य अरबीत नेताना फजलची पक्की अरबी अर्ध्यावर बसली. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा बसली. शेवटी हातानेच काहीतरी दाखवलं. ते सगळ्यांना कळलं.

अब्दुल रहमान पुढे वाकले, नॉरबर्टसमोरचा कप उचलला आणि ती गार कॉफी स्वतः पिऊन टाकली. मग पेन मागितलं. तिन्ही प्रतींवर सही केली आणि सहीखाली एक ओळ लिहिली : युसुफने स्वतः यावं, मी बरोबर असेन, आणि हा माणूस आमचा पाहुणा म्हणून सोबत असेल. शुक्रवारी, नमाज झाल्यावर.

हरकत नसल्याच्या त्या कागदात नॉरबर्टच्या हरकतीसाठी रकाना नव्हता.

ऑफिसात युसुफसाहेबांनी भावाचं अक्षर तीनदा वाचलं. "माझं काही विचारलं त्याने?"

"आपण वारलात का, विचारलं."

"आणि?"

"रडले."

युसुफसाहेब बराच वेळ खिडकीतून खालचं पार्किंग बघत राहिले. शुक्रवार सोडून दुसरा कुठलाही वार चालेल का, हे विचारायला नॉरबर्टने तोंड उघडलं होतं. ते त्याने तसंच मिटलं आणि बाहेर येऊन तिकीट शनिवारचं केलं.

संध्याकाळी लिडियाची बहीण जॅनेट फोनवर होती. "गावाला काय सांगू? नवरा वर्षाच्या मिस्सेला का नाय आला?"

"ऑफिसचं काम आहे, जॅनेट."

"काय काम?"

"पाखरं धरायचीत."

"अरबाची पाखरं मोठी झाली तुला," ती म्हणाली. "आमच्या लिडियाला रडायला कोण हाय मग?"

शुक्रवारी दोघे भाऊ वाळूच्या उंचवट्याआड शेजारी शेजारी बसले. एक शब्द नाही. दुर्बीण मात्र इकडून तिकडे फिरत होती. दोन तासांनी, दीडशे पावलांवरच्या झुडपाशी, दोन हुबारे उतरले. युसुफसाहेबांचा हात ससाण्याच्या डोळ्यांवरच्या टोपीकडे सरकला.

अडीच वाजले होते. वसईत पाच. कॅरिनाने, त्याच्या मुलीने, चर्चमधून व्हिडिओ कॉल लावला. नॉरबर्ट मागच्या मागे गाडीत जाऊन बसला. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून त्याने वायर जोडली आणि गाडीची किल्ली अर्धी फिरवली. ऑफिसची ही गाडी नेहमी तोच चालवायचा. गाडीने आपल्या माणसाचा फोन ओळखला, आणि वसईचं अख्खं कॉयर आठ स्पीकरांतून कतारच्या वाळवंटात गाऊ लागलं.

हुबारे असे उडाले की क्षितिजाने त्यांना गिळलं. ससाण्याची टोपी डोळ्यांवर तशीच राहिली. नॉरबर्ट बटणं दाबत होता, आणि जे बटण दाबावं त्याने आवाज वाढत होता. गाणं संपलं आणि फादरांचा आवाज माळावर घुमला, "आजची मिस्सा लिडिया नॉरबर्ट परेरा हिच्या आत्म्यासाठी..."

दोघे भाऊ गाडीशी आले. युसुफसाहेबांना त्यात एक नाव कळलं, लिडियाचं. "आज?"

"आज, सर."

"तू पर्सनल लिहिलं होतंस."

"पर्सनलच होतं."

अब्दुल रहमान धाकट्याकडे वळले. अकरा वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "तू ह्याला रजा दिली नाहीस?"

"शुक्रवार कुणी लिहिला?" युसुफसाहेब म्हणाले. "मी लिहिला?"

"मला काय माहीत? तुझा माणूस आहे."

"पाहुणा तुझा आहे."

मग विहीर निघाली, कुंपण निघालं, वडिलांच्या आजारपणात कोण किती दिवस बसलं ते निघालं. आईचं नाव निघालं, आणि दोघांचेही आवाज फुटले. एकमेकांचे खांदे धरून दोन म्हातारे रडत ओरडत होते की ओरडत रडत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि नॉरबर्टचा माईक चालू होता. तो हजर आहे हे गावाला कळावं म्हणून जॅनेटने कॅरिनाचा फोन वेदीसमोर ठेवून आवाज पूर्ण चढवला होता. फादर प्रवचन थांबवून ऐकत राहिले. मागच्या बाकांवरची माणसं उभी राहिली.

"डॅडी," कॅरिना हळूच म्हणाली, "तिकडं कोण रडतंय?"

नॉरबर्टने बाहेर पाहिलं. "मालक," तो म्हणाला. "दोघं भाऊ."

शनिवारी तो वसईला उतरला, तेव्हा मिस्सा होऊन एक दिवस झाला होता. स्मशानभूमीत जाऊन तो उशिरापर्यंत एकटा बसला. परतताना वाटेत लोक त्याला थांबवून हात हातात घेत होते. गावात आजवर कुणासाठी अरब रडले नव्हते. रविवारपर्यंत ते दोनाचे बारा झाले होते आणि त्यातला एक बेशुद्ध पडला होता.

जॅनेटने त्याच्या ताटात मासळीची मोठी तुकडी वाढली. "इतकी माया होती त्यांना आमच्या लिडियाची?" तिने विचारलं.

"होती," नॉरबर्ट म्हणाला, आणि खाली मान घालून काटे काढत बसला.