हलक्या बाजूला बसणारे माणिकमामा

माणिकमामा एसटीत चढले की लगेच बसत नसत. दाराशी उभे राहून आधी डावीकडची माणसं बघत, मग उजवीकडची. ओठ हलत. मग जिकडं वजन कमी वाटेल तिकडच्या बाकावर जाऊन टेकत. पुढच्या थांब्यावर दोन-चार जण त्याच बाजूला येऊन बसले की मामा उठून पलीकडं. जुने कंडक्टर काही म्हणत नसत. एखादा नवा असला आणि "बाबा, एका जागी बसा की," म्हणाला, तर मामा त्यालाच समजावत, "गाडी एका अंगावर चालून राहिली, दिसंना का तुमाला? काटा बराबर पाहिजे."

काटा हे त्यांचं पोटापाण्याचं काम. जवळा बाजारच्या आडतीत ते मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून देणारे. सोयाबीन, ज्वारी, तूर, जे येईल ते. दोन्ही पारडी एका रेषेत आली की ते दांडीवर बोट ठेवून "बराबर" म्हणत, आणि मगच पुढचं पोतं. एवढ्यावर थांबले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण आडतीतून घरी जातानाही ते काटा डोक्यात घेऊन जात आणि वाटेत जे दिसेल ते तोलत.

मी मूळचा कोल्हापूरकडच्या कागलचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, गणिताच्या मास्तरांना त्याचं दुःख झालं नाही. एका उस्तादाबरोबर कापसाच्या जिनिंगची मशिनरी बसवायला म्हणून मी या मुलखात आलो. काम संपलं, उस्ताद परत गेले आणि मशिनीची देखभाल करायला मला मागं ठेवलं. बोलणं वेगळं, जेवण वेगळं, ओळखीचं कोणी नाही. आपण काही चुकीचं बोलू आणि हे लोक आपल्याला परत पाठवतील, ही धास्ती मला कायम असे. परत जाऊन करायचं काय, हे ठाऊक नव्हतं.

जिनिंगमध्ये दुपारी सगळे गडी गोल करून भाकरी खात. मी जरा लांब, गठाणीच्या आडोशाला बसायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारच्या आडतीतला एक म्हातारा आपलं भाकरीचं फडकं घेऊन आला, गोलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि माझ्याशेजारी येऊन बसला. ठेचा पुढं सरकवला. ते माणिकमामा. महिन्याभरात मी त्यांच्याच ओसरीलगतच्या खोलीत राहायला गेलो.

त्यांच्या या सवयीचे किस्से गावात पुष्कळ होते. सख्ख्या भाचीच्या लग्नाला ते हट्टा गावी गेले होते. नवरदेवाकडची गाडी वाटेत बंद पडलेली, मांडवात वराची बाजू रिकामी. मामांना ते बघवेना. ते तिकडं जाऊन बसले. कुणाला तरी वाटलं, नवरदेवाचे मामा एकटेच पुढं आलेत. त्यांना फेटा बांधला, टॉवेल दिला, अत्तर लावलं. तासाभरानं खरे मामा पोचले तेव्हा फेटे संपले होते. मग मानपानावरून जो वाद झाला, त्यातही मामा नवरदेवाच्याच बाजूनं बोलले, कारण मुलीकडची माणसं जास्त होती.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर उमेदवार त्यांना भिऊन असत. ज्याच्या बैठकीला माणसं कमी, त्याच्या सतरंजीवर मामा जाऊन बसत. आपल्या सतरंजीवर मामा आलेले दिसले की त्या उमेदवाराचा चेहरा पडायचा. एकानं तर हात जोडून त्यांना म्हटलं होतं, "मामा, पाया पडतो, पण तुमी त्यांच्याकडं बसा."

मामी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला विटल्या होत्या. शेजारणीशी त्यांचं पाण्यावरून वाजलं की मामा शेजारणीची बाजू घेत, कारण मामींचा आवाज मोठा. मामी मला सांगायच्या, "माझ्या बाजूनं बसावं म्हणून मी काय हरून दाखवू का यांला?" आणि मग भाकरी थापता थापता हळूच, "आधी न्हवते रं असे."

आधी म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. परक्याच्या घरात राहणाऱ्यानं किती विचारावं, याचा माझा अंदाज नेहमी कमीकडं असे.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता त्या वर्षीची गोष्ट. तिथल्या एका कॉलेजानं फुटबॉलच्या स्पर्धा भरवल्या आणि राज्यभरातले संघ बोलावले. आमच्या भागात फुटबॉल फार कुणी खेळत नसे. तरी यजमान कॉलेज थेट अंतिम सामन्यात पोचलं. एका संघाची गाडी वाटेत बिघडली, दुसऱ्या संघाची पोरं जेवणानं आजारी पडली, आणि उपांत्य सामना बरोबरीत सुटून चिठ्ठी यांच्या नावाची निघाली. कसं का असेना, जिल्ह्याला वाटलं आपण जिंकत चाललोय.

आमच्यातला बाबू राठोड काळीपिवळी जीप चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ संतोष त्या संघाचा गोली. मूळचा तांड्यावरचा कबड्डीचा गडी, अंगानं दणकट, म्हणून त्याला गोलात उभा केलेला. बाबूनं त्या दिवशी एकही भाडं घेतलं नाही. मी, जिनिंगमधला शिरड शहापूरचा सोपान आणि माणिकमामा, एवढेच त्याच्या जीपमध्ये. मामांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण जीपची एक बाजू रिकामी जाईल म्हणून ते आले.

औंढा मागं पडल्यावर सोपाननं बातमी दिली, की समोरचा संघ कोल्हापूरचा आहे. बाबूनं आरशातून माझ्याकडं बघितलं.

"मग दत्त्या, आज तू कोणाचा?"

मी हसलो. तुमचाच की, असं काहीतरी पुटपुटलो. कोल्हापूरकडच्या माणसाला फुटबॉल म्हणजे काय, हे या लोकांना सांगून कळलं नसतं. आमच्याकडं पेठापेठांत त्यावरून बोलणं बंद होतं. आणि इकडं मी ज्यांच्या जिवावर राहत होतो, ती माणसं डाव्या-उजव्या हाताला बसलेली. मी ठरवलं, हात मांडीखाली घालून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

मैदानाच्या तीन बाजूंना माणूसच माणूस. चौथ्या बाजूला एक दोरी, एक लिंब, आणि त्याखाली पाहुण्या पोरांच्या पिशव्या. लाऊडस्पीकरवर एक प्राध्यापक समालोचन करत होते. शिट्टी वाजली आणि मला पहिल्या दोन पासमध्येच कळलं, की हे काही खरं नाही. पाहुणी पोरं चेंडू पायाला चिकटवून पळत होती. आपली पोरं चेंडूच्या मागं एकगठ्ठा धावत होती, आणि ती पोचेपर्यंत चेंडू दुसरीकडं गेलेला असे. पहिला गोल झाला तेव्हा संतोषनं समोरच्या गड्याची कंबर धरली होती, कबड्डीत धरतात तशी. चेंडू शेजारून आत गेला.

दुसरा, तिसरा, चौथा. प्राध्यापक म्हणाले, "पाहुण्या संघाने आणखी एक गोल करून आपल्या खेळाडूंना मोलाचा अनुभव दिलेला आहे." सोपान म्हणाला, अनुभव ठेवायला पोतं आणायला पाहिजे होतं. बाबू हसला नाही.

मध्यंतर झालं. मी चहा आणायला गेलो आणि येऊन बघतो तो मामा मैदानात, पंचाच्या पुढ्यात उभे. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात छत्री. पंचाला वाटलं हे संस्थेचे कोणी विश्वस्त असतील, म्हणून तो शिट्टी काढून अदबीनं ऐकत होता. मामा त्याला गावातला रिवाज सांगत होते. खेळ एकतर्फी झाला तर पोरं भिडू पुन्हा वाटून घेतात. "त्यांच्यातले दोघं-तिघं इकडं द्या, इकडचे तिकडं द्या. उरलेला खेळ तरी बराबर होईल." पंचानं नियमाचं पुस्तक आडवं आणलं. मामांनी विचार केला आणि दुसरा मार्ग सुचवला, "मग गोलीला कच्चा लिंबू धरा. त्याच्यावर झालेला गोल मोजायचा न्हाई."

हे सगळं शेजारच्या माईकमध्ये गेलं आणि पूर्ण मैदानानं ऐकलं. तीन बाजूंनी हशा उठला. बाबूनं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

दुसरा डाव सुरू झाला. आता गोल झाला की कोणी ओरडतही नव्हतं. चेंडू जाळीत जायचा आणि मैदान गप्प व्हायचं. लिंबाखाली त्यांचा एक म्हातारा शिक्षक होता, तो एकटा टाळ्या वाजवायचा. त्यातला एक गोल तर असा होता की माझे हात मांडीखालून सुटायला बघत होते. मी ते पुन्हा आत घातले.

मामांचे ओठ हलत होते.

"दत्ता," ते म्हणाले, "कोणती बाजू हलकी हाय?"

"आपलीच की मामा. एकपण गोल न्हाई आपला."

"गोल सोड. माणसं बघ."

मी बघितलं. ते उठले, धोतर झटकलं, छत्री काखेत घेतली.

"मामा, कुठं निघालात?" बाबूनं विचारलं.

"तिकडं कोणीच न्हाई."

"तिकडं म्हंजे त्यांच्याकडं? संतोष इकडं मार खाऊन राहिला आन् तुमी त्यांच्याकडं?" बाबूचा आवाज चिरकला. मग तो माझ्याकडं वळला. "तुला बी जायचं असंल तर जा. पण मग जीपमध्ये बसू नको."

मी जागचा हललो नाही. मामा मात्र गेले. मैदानाच्या कडेनं ती पांढरी आकृती सगळ्यांच्या देखत सावकाश चालत गेली. लोक शेरे मारत होते. ते लिंबाखाली पोचले, पिशव्या थोड्या सरकवल्या आणि बसले. पुढचा गोल झाला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात समोर धरून, पारडी एका रेषेत आणावीत तशा.

आता तिकडं दोन म्हातारे आणि इकडं सगळी हिंगोली. मला वाटलं, या माणसानं माझ्याशेजारी बसताना कुणाला विचारलं नव्हतं. मी उठलो. बाबूकडं बघायचं धाडस झालं नाही. त्या मैदानाची कड मला कागलपासूनच्या वाटेपेक्षा लांब वाटली.

मी जाऊन बसलो तसा तो शिक्षक म्हणाला, "या पावणं. कुठलं म्हणायचं तुम्ही?" कागल म्हटल्यावर त्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा पोटात हिंदकळला. इकडं आल्यापासून कुणी माझ्याशी त्या सुरात बोललं नव्हतं. मी एकदाच काय ती आरोळी ठोकली, आमच्याकडं ठोकतात तशी. मग डोळे पुसत बसलो.

मामांनी मला रडू दिलं. चेंडूकडं बघत म्हणाले, "आमच्या गजाननचं आन् माझं वाजलं होतं."

त्यांना मुलगा आहे हे मला तेव्हा कळलं.

"शिक्षण सोडून गाडी शिकायला जातो म्हणला. मी न्हाई म्हणलो. ओसरीत बैठक बसली. भाऊ, भावकी, शेजारी, त्याची माय, समदे माझ्या बाजूनं. ओसरी भरली होती. समोर ते एकलं उभं." त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "माझं बोलणं चुकीचं होतं असं न्हाई. पण त्याच्या बाजूला एक माणूस जरी बसलं असतं ना, तर ते गेलं नसतं. मी उठून बसलो असतो तरी चाललं असतं. मला तवा सुचलं न्हाई."

"कुठं असतो आता?"

"सुरतेकडं हाय म्हणतात." मैदानात आणखी एक गोल झाला. मामांनी टाळ्या वाजवल्या. "तिकडं बसत असंल की कोणी त्याच्या शेजारी. असा कोणी तरी असतोच. असतो का न्हाई?"

मी म्हटलं, असतो. हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही.

सामना संपला. संतोष होस्टेलवरच राहिला. जीपपाशी आलो तर बाबू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसलेला. "बसू नको" म्हणाला होता, पण गाडीही सुरू करत नव्हता. एरवी पुढं त्याच्याशेजारी बसायला भांडणं व्हायची, आज ती जागा रिकामी होती. सोपान मागच्या एका बाकावर आडवा झाला. मामा चढण्याआधी थांबले, पुढं बघितलं, मागं बघितलं. त्यांनी काही म्हणण्याआधीच मी पुढं जाऊन बाबूशेजारी बसलो.

त्यानं गाडी सुरू केली आणि आम्ही औंढ्यापर्यंत आलो. दिवस मावळत होता, देवळाकडून माणसं परतत होती. स्टँडजवळ त्यानं गाडी बाजूला घेतली आणि आरसा नीट केला. मागं मामा आपल्या बाकाच्या एका टोकाला बसले होते, छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून. समोर सोपान घोरत होता.

"मागं जा," बाबू रस्त्याकडं बघत म्हणाला. "मामा एकले बसलेत."

मी उतरून मागं गेलो. मामांना सरकावं लागलं नाही. शेजारची जागा त्यांनी आधीच मोकळी ठेवलेली होती.