शेऱ्याचा रकाना

फाइल चढवून झाली आणि मगच गोदामप्रमुखाच्या लक्षात आलं, की आपण भलतीच यादी चढवली आहे.

बिजागऱ्या बनवणाऱ्या सहा कंपन्यांनी मिळून एक सामाईक माहितीप्रणाली उभारली होती. कोणाकडे कुठल्या मापाचा किती माल शिल्लक आहे, हे दुकानदारांना एकाच ठिकाणी दिसावं म्हणून. त्यासाठी आठ महिने बैठका झाल्या होत्या. आज त्याने आपल्या कंपनीच्या मालाची यादी द्यायची होती. दिली ती त्याची खासगी यादी. तिच्यात इतर पाच कंपन्यांच्या नावांपुढे त्याने स्वतःपुरते शेरे लिहून ठेवले होते. ‘चार इंच म्हणतात, भरते पावणेचार.’ ‘हात लावला की पॉलिश हाताला.’ ‘बिजागरी कुरकुरते. मालकही.’

तो धावतच संगणक विभागात गेला.

“मॅडम, आत्ता चढवलेलं काढून टाका. आत्ताच्या आत्ता!”

“काढायला सहाही कंपन्यांची संमती लागते,” तिथल्या बाई म्हणाल्या. “कोणी गुपचूप आकडे बदलू नयेत म्हणून हा नियम तुम्हीच हट्टाने करून घेतलात.”

“मग मागा ना संमती!”

बाईंनी बटण दाबलं. तोवर ती यादी कोणी उघडलीही नव्हती. आता उरलेल्या पाचही मालकांच्या फोनवर सूचना गेली, ‘पुढील मजकूर काढण्यास संमती द्यावी,’ आणि खाली तो मजकूर, ठळक अक्षरांत.

त्याने बायकोला फोन लावला.

“अगं, नोकरी गेली बहुतेक.”

“काय केलंत?”

“खरं लिहिलं.”

“कोणी सांगितले होते नसते उद्योग?”

चार वाजता तातडीची बैठक बसली. समोर पाच मालक, शेजारी त्याचे स्वतःचे साहेब.

“माझ्यावरचा शेरा काढा,” कुरकुरवाले मालक म्हणाले. “बाकीचे राहू द्या. ते पावणेचार इंचाचं तर अगदी खरंय.”

“असं? मग तुमचाही राहील!” पावणेचारवाले उसळले.

प्रत्येकाला आपला शेरा काढायचा होता आणि दुसऱ्याचा ठेवायचा होता. तासभर तोंडाची वाफ दवडूनही पाचही शेरे जागच्या जागी राहिले. मग पॉलिशवाल्या मालकीणबाईंनी चष्मा सावरला.

“आणि यांच्या कंपनीपुढचा रकाना कोरा कसा?”

सगळ्या माना गोदामप्रमुखाकडे वळल्या.

“स्क्रूची भोकं जुळत नाहीत,” पाचही जण एकदमच बोलले. आठ महिन्यांतलं ते पहिलं एकमत.

साहेब गोदामप्रमुखाच्या कानाशी वाकले. “हे खरं आहे?”

“खरं आहे, साहेब.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“आपलीच कंपनी... हात धजला नाही.”

साहेबांनी कळफलक आपल्यापुढे ओढला.

“सरका. मी लिहितो.”