शमुवेल सांबराची साक्ष

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी दर रविवारी न चुकता चर्चला जात आणि सोमवारी पुन्हा एकमेकांना खात. पण आपली गोष्ट खाण्याची नाही, कबड्डीची आहे.

त्या उन्हाळ्यात जंगलात एकच तळं उरलं. टेकडीपलीकडचे लांडगे त्यावर हक्क सांगू लागले. मारामारी नको म्हणून कबड्डीचा सामना ठरला. जिंकेल त्याचं तळं.

मार्था घोरपडीला झोप लागेना. तिची म्हातारी आई चार पावलं चालली की धापा टाकायची. तळं गेलं तर ती पाण्यावाचून जाणार होती. म्हणून मार्था रोज एका ओंडक्याला मिठी मारून पकडीचा सराव करायची.

संघाचा कप्तान होता शमुवेल सांबर. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं, त्याला साक्ष म्हणत. शमुवेल दर रविवारी साक्ष द्यायचा.

"मी काहीच नाही," तो मान खाली घालून म्हणे. मान खाली घातली की शिंगं सगळ्यांना नीट दिसत. "मी नुसती धूळ. पण प्रभूने या धुळीला केवढे पाय दिलेत बघा."

"आमेन," मंडळी म्हणे.

"बंधू, एकदा सरावाला या की," मार्था म्हणाली.

"भगिनी, तुमचा विश्वास कमी पडतोय," शमुवेल हळहळला. "सराव म्हणजे देवावर संशय."

हे सगळ्यांना पटलं. सरावापेक्षा सोपं होतं ना. मंडळीने विजयाची उपकारस्तुती आणि जेवण सामन्याआधीच उरकून घेतलं.

सामन्यात आपला संघ कसाबसा एका गुणाने पुढे होता. शमुवेल चढाईला गेला. "कबड्डी, कबड्डी" म्हणत एका लांडग्याला शिवला आणि तिथेच मान खाली घालून म्हणाला, "यात माझं काहीच नाही हो."

दम तुटला. पंचांनी त्याला बाद केलं आणि गुण बरोबरीत आले.

शेवटची चढाई लांडग्यांची होती. त्यांचा दांडगा नायक आला. मार्थाने त्याचा पाय धरला. तो तिला फरफटत मध्यरेषेकडे नेऊ लागला. तिचं पोट सोलवटलं, डोळ्यांत माती गेली, पण तिने पाय सोडला नाही. रेषा वीतभर उरली आणि लांडग्याचा दम संपला. तळं वाचलं.

पुढच्या रविवारी मार्था पोटाला पाला बांधून मागच्या बाकावर बसली. शमुवेल साक्षीला उभा राहिला.

"प्रभूने मला मुद्दाम बाद केलं," तो मान खाली घालून म्हणाला. "नाहीतर भगिनी मार्थाला कोणी ओळखलं असतं? मी तिच्यासाठीच बाद झालो."

मंडळीने डोळे पुसले. करकोचा पास्टरांनी शमुवेलच्या शिंगांत हार घातला आणि तळ्याला नाव दिलं, 'शमुवेलची नम्रता'.

मार्थाला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. पण आई तहानली असेल, म्हणून ती शेवटच्या प्रार्थनेआधीच उठली आणि तळ्याकडे निघाली.

"बघा, प्रार्थनेलाही थांबली नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "एक सामना जिंकला तर डोक्यात हवा गेली."

तात्पर्य : श्रेय नेहमी देवाला द्यावे. देव काही ते न्यायला येत नाही, त्यामुळे ते देणाऱ्याजवळच राहते.