गप्पी माशांचा पाहुणचार

माणूस आणि डास यांचे नाते मुळात यजमान आणि पाहुणा यांचे आहे. जगाला हे सत्य उशिरा कळले असले तरी कोल्हापुरात ते पहिल्यापासून पाळले जाते. आमच्याकडे पाहुण्याला ‘जेवणार का’ असे विचारत नाहीत. ताट वाढून झाल्यावर ‘बसा’ म्हणतात. दारातून उपाशी जाण्याची मुभा कोणालाच नाही, मग तो सोयरा असो, रस्ता चुकलेला असो की सहा पायांचा असो. या उज्ज्वल परंपरेवर एका सरकारी डॉक्टरने पंधरा वर्षे घाला घातला. त्याचा हा निःपक्षपाती वृत्तान्त. (प्रस्तुत लेखक पिंपळाच्या तालमीचा चिटणीस आहे. आमच्या तालमीत व्यायाम सोडून सर्व कार्ये होतात.)

डॉ. मल्लिकार्जुन घुगरे हे १९९१ साली जिल्ह्याच्या हिवताप विभागात रुजू झाले आणि आमच्या गल्लीत घर करून राहिले. माणूस गडहिंग्लजकडचा, सरळ. डॉक्टर झालेला माणूस आधी दवाखाना काढतो, मग माडी चढवतो, मग गाडी घेतो, असा सर्वमान्य क्रम आहे. घुगरे डॉक्टरांनी हा क्रम डावलून बॅटरी घेतली. ती घेऊन ते कोणाच्याही घरात शिरत आणि माणसांकडे ढुंकूनही न बघता थेट न्हाणीत जाऊन हौदाचे झाकण उचलत. पाण्यात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधायच्या, हा त्यांचा धंदा. इतके शिकून शेवटी लोकांच्या हौदात तोंड घालावे लागते, याबद्दल गल्लीला त्यांची कीव येई.

त्यांचे लग्नसुद्धा याच पद्धतीने झाले. मुलगी बघायला निपाणीला गेले असता पोहे यायच्या आधी हे गृहस्थ परसात गेले, हौद बघितला, आणि परत येऊन मुलीच्या वडिलांना म्हणाले, “मला पसंत आहे.” मुलगी अजून माजघरातच होती. महानंदावहिनी हे अजून सांगतात, “मला बघायच्या आधी ह्यांनी आमचा हौद बघितला. तो नासका निघाला असता तर मी आज दुसऱ्या कुणाच्या घरात असते.” त्यांच्या मुलीने, रक्षिताने, पहिलीत ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर चित्र काढले ते अळीचे. बाईंनी त्याला ‘स्वल्पविराम छान’ असा शेरा दिला.

आता धुराकडे वळू. गल्लीत धुराचे यंत्र येणे ही नागरी जीवनातील सर्वोच्च घटना होय. यंत्र खांद्याला लावलेला माणूस मागे, नगरसेवक मध्ये, तालमीचे अध्यक्ष गणपतराव पुढे आणि धुराच्या पोटात पोरे, अशी मिरवणूक निघते. धूर सुरू होताच प्रत्येक घर दारे-खिडक्या लावून घेते, कारण धूर प्रकृतीला वाईट. गल्लीतले डास त्याआधीच आत येऊन बसलेले असतात, कारण त्यांनाही प्रकृती असते. धूर निवळला की दारे उघडतात, नगरसेवकांचे आभार मानले जातात आणि दोन्ही पक्ष आपापल्या कामाला लागतात.

डॉक्टरांना यातले पावित्र्य कळत नसे. एकदा भर चौकात ते म्हणाले, “गणपतराव, हा डास गटारातला नव्हे. घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि फार लांब जात नाही. तुम्हाला चावतो तो तुमच्याच घरचा.”

“आमच्या घरातलं आमालाच चावंल व्हय, डॉक्टर?” गणपतराव दुखावले. “आमी काय त्याचं घोडं मारलंय? त्यो पलीकडच्या गल्लीतलाच आसनार की.”

त्याच आठवड्यात तालमीने ठराव केला की, सदर गल्लीत आढळणारे सर्व डास बाहेरचे आहेत. ठराव एकमताने संमत झाला. (डॉक्टर तटस्थ.)

मग डॉक्टरांनी कोरड्या दिवसाचे खूळ काढले. अळीचा डास व्हायला आठवडा लागतो; तेव्हा आठवड्यातून एकदा घरातले सगळे पाणी ओतायचे, भांडी घासायची, पालथी घालायची. बस्स, एवढेच. वार ठरवण्यासाठी तालमीची विशेष सभा झाली. सोमवारी कारखान्यांना सुट्टी, माणसे घरात, पाणी जास्त लागते. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. बुधवार आणि रविवार मटणाचे. तांबड्या रश्श्याची भांडी कोरड्याने निघतात का, हे डॉक्टरांनी स्वतः घासून दाखवावे, असे महिलांचे म्हणणे पडले. गुरुवारी उपवास, आणि उपाशी माणसाला हंडे उचलायला लावणे अमानुष. शनिवारसाठी कोणालाच काही कारण सापडेना, तेव्हा सभेत थोडा वेळ चिंतेचे वातावरण पसरले. शेवटी गणपतरावांनीच मुळावर बोट ठेवले. नळाला पाणी एक दिवसाआड. पाणी येत नाही त्या दिवशी ओतता येत नाही, कारण पाणी आलेलेच नाही. येते त्या दिवशी ओतता येत नाही, कारण आत्ता तर आले. सबब कोरडा दिवस तत्त्वतः मान्य करण्यात आला आणि वार यथावकाश कळवण्याचे ठरले.

डॉक्टर खचले नाहीत. त्यांनी गप्पी मासे आणले. बोटाच्या पेराएवढा मासा, हौदात सोडायचा, तो अळ्या खातो. माणसाने काहीच करायचे नाही. काहीच करायचे नाही म्हटल्यावर गल्लीने योजना डोक्यावर घेतली. घरोघरी पिशव्यांतून मासे गेले. डॉक्टर इथेच फसले. माशाचा स्वभाव त्यांनी अभ्यासला होता, आमचा नव्हता.

“सरकारनं धाडल्यालं पावणं,” आमच्या शेजारच्या तानाबाई म्हणाल्या, “आन् त्यास्नी किडं खायाला घालायचं? लोक श्यान घालतील की तोंडात!”

तानाबाईंनी चिरमुऱ्यांपासून सुरुवात केली. समोरच्या घरात चपाती सुरू झाल्याचे कळताच त्यांनी चपातीला तूप लावले. रविवारी भाताला किंचित पांढरा रस्सा लावून घास जाऊ लागला. तांबडा नाही, कारण तो तिखट पडेल. पोरांनी माशांना नावे दिली. कोणाचा मासा किती खातो, यावर घराची पत ठरू लागली. महिन्याभराने डॉक्टर बॅटरी घेऊन आले, तेव्हा झाकण उघडताच मासे तोंड वर करून रांगेत हजर झाले. खाली अळ्या खुशाल हुंदडत होत्या. एक अळी एका माशाच्या नाकाला आपटली, तर मासा बाजूला सरकून तिला वाट देताना डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितला. पाहणीअंती शंभर टक्के हौदांत मासे आढळले आणि शंभर टक्के हौदांत अळ्या आढळल्या. एवढे निर्विवाद यश दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेला मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यावर डॉक्टर गल्लीला चार शब्द सुनावू शकले असते. पण त्यांच्या स्वतःच्या हौदात काय चालले होते?

डॉक्टरांच्या आई, चन्नम्मा, कर्नाटकच्या सीमेकडच्या. घर कडक शाकाहारी. मासे आले त्या दिवशीच त्यांनी मुलाला समोर बसवले. “यप्पा मल्ल्या, मासा ऱ्हाऊ दे. त्योबी जीव हाय. पर आपल्या घरात जीव मारून खायाचं न्हाय. त्यालाबी सांग.”

“अव्वा, अळ्या खाणार नसेल तर मासा ठेवायचा कशाला?”

“काम करत न्हाय त्यानं घरात ऱ्हाऊच नये व्हय? मग तुझा बा तीस वर्सं कसा ऱ्हायला?”

या युक्तिवादाला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. रोज सकाळी पहिल्या भाकरीचा चतकोर चन्नम्मा बोटांनी बारीक चुरत आणि हौदात सोडत. सणाला होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी. जिल्ह्यातल्या गावोगावच्या पुढाऱ्यांना हौद उपसायला लावणारा अधिकारी आईमागे झाकण धरून उभा राही. “जिल्ह्यावर आवाज, घरात म्यांव,” असे महानंदावहिनी म्हणत. पण त्यात खोटे काही नव्हते. डॉक्टरांचा आईवर फार जीव होता, आणि ते तो लपवीतही नसत.

अशी सर्व मंडळी आनंदात असताना २००६ चा पावसाळा आला आणि चिकुनगुन्या आला. ताप दोन-चार दिवसांचा. सांधे मात्र महिनोन्‌महिने धरलेले. तालमीचे पैलवान भिंत धरून मोरीला जाऊ लागले. धूर मिळालाच पाहिजे यासाठी तालमीने मोर्चा ठरवला, पण मोर्चेकऱ्यांना चालता येईना; तेव्हा अधिकाऱ्यांनीच मोर्चाकडे यावे, असे कळवण्यात आले. डॉक्टर आले. घोषणा देताना कोणाचीच मूठ वळेना, म्हणून उघड्या पंजाने दिल्या गेल्या. लांबून बघणाऱ्याला गल्ली डॉक्टरांना टाटा करते आहे असे वाटले असते.

चन्नम्मा त्याच आठवड्यात पडल्या. ताप उतरला, पण बोटे सुजून ताठ राहिली ती राहिलीच. पेला धरवेना, पदर खोचवेना. डॉक्टर कामावरून येत आणि त्यांना चमच्याने आंबील भरवत. या वयात धरलेली बोटे कधी कधी पुन्हा वळतच नाहीत, हे त्यांना माहीत होते आणि घरात कोणाला सांगता येत नव्हते. जिल्हाभर फिरून आलेला माणूस उंबऱ्यात पाय ठेवताच आधी आईचे हात बघे. एकदा भरवता भरवता त्यांचा बांध फुटला. “अव्वा, तुला चावला तो आपल्याच हौदातला गं.”

चन्नम्मांनी ताठ पंजा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. “मग घरचाच की रे. रडतोस कशाला?”

इकडे गल्लीत एक विलक्षण प्रकार घडत होता. घरोघरी यजमान अंथरुणाला खिळलेले. चपाती चुरायला कोणाची बोटे चालत नव्हती. तानाबाईंना तर हौदापर्यंत जाता येत नव्हते. माशांनी काही दिवस तोंड वर करून वाट बघितली. मग नाइलाजाने खाली बघितले. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टर बॅटरी घेऊन फिरले, तेव्हा हौद निर्मळ होते आणि मासे सडपातळ झाले होते. नवा ताप येणे थांबले. डॉक्टरांनी वरिष्ठांना अहवाल पाठवला की, यजमान पुरेसा आजारी पडल्यास साथ आपोआप आटोक्यात येते. वरून उत्तर आले, “उपाय बिनखर्ची असला तरी राबवण्यास अडचणीचा आहे.” दरम्यान गल्लीत एकदा धूर मारला गेला होता. त्यामुळे साथ कशाने गेली याबद्दल तालमीत दुमत नव्हते.

साथ घालवल्याबद्दल धुराबरोबर डॉक्टरांचाही सत्कार करावा असे ठरले. (धुराचा सत्कार करण्यात तांत्रिक अडचण होती.) त्याचे आमंत्रण द्यायला दिवाळीच्या आधी मी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. चन्नम्मा स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या, हातात भाकरीचा चतकोर. बोटे वळत होती. सावकाश, थरथरत, पण वळत होती. ताटलीत चुरा पडू लागला, तसे डॉक्टर हातातला कप तसाच धरून बघत राहिले. मग रक्षिताच्या खांद्याला धरून म्हातारी हौदाकडे गेली आणि आत डोकावून एकदम तडकली.

“वाळली की रे लेकरं! मी पडले, तर तुमाला ह्यास्नी घासभर घालाय झालं न्हाय? दाक्तर म्हनं!”

रक्षिताने वडिलांकडे बघितले. तेरा वर्षांची पोर, तिला सगळे कळत होते. “बाबा, पण अळ्या?”

पंधरा वर्षांच्या नोकरीचे सार्थक त्या पाण्यात स्वच्छ दिसत होते. डॉक्टरांनी ते एकदा नीट बघून घेतले. मग आईच्या हाताकडे बघितले.

“असू दे,” ते म्हणाले, आणि त्यांनी झाकण आणखी थोडे वर उचलून धरले. त्यांचे डोळे भरले होते. खरे सांगायचे तर माझेही भरले होते. तसा उल्लेख मी तालमीच्या इतिवृत्तात केला नाही.

सत्कार थाटात झाला. शाल, श्रीफळ आणि गल्लीची आठवण म्हणून काचेच्या बरणीत पाणी घालून लावलेला मनी प्लँट. भाषणे चालू असताना डॉक्टर मान खाली घालून बसले होते. विनयाने, असे लोकांना वाटले. ते बरणीत बघत होते.

हे वाचून आपण चन्नम्मांना हसला असाल, तानाबाईंना तर नक्कीच. जरूर हसा. हसून झाल्यावर उठून फ्रिजच्या मागचा ट्रे तेवढा ओढून बघा. कूलर, कुंडीखालची ताटली, गॅलरीतली पालथी घालायची राहिलेली बादली बघा. आपण उठणार नाही, हे तालमीला ठाऊक आहे. आज वार तसला नाही. फक्त मघाशी वाचता वाचता आपण पोटरीवर जी चापट मारलीत, ती बरी दिसली नाही. तो पलीकडच्या गल्लीतला नव्हता.