सातच्या बोटीची रेघ

"वहिनी, सातची बोट बंद झाली तर मी नोकरी सोडायची का?" नणंद फणकारली. ती नदीपलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती. "अंदाज तूच काढतेस ना? मग दे की एक चढती रेघ!"

"रेघ मी नाही गं देत, आकडे देतात."

बोटीच्या कचेरीत वहिनीला आकडेबाई म्हणत, ते उगाच नाही. पाऊस, सुट्ट्या, बिघाड धरून तिने स्प्रेडशीटमध्ये पुढच्या वर्षाचे प्रवासी मांडले होते. कळ दाबली, किंवा शीटमध्ये कुठेही काही लिहिलं, की संगणक पुन्हा फासे टाकी आणि आलेखावर नवी रेघ उमटे. तिने शंभरदा दाबून पाहिलं. चौऱ्याण्णवदा रेघ चढली, सहादा उतरली. तिने त्या सहाही अहवालात लिहिल्या. शाबास म्हणावं अशीच बाई!

साहेबांना मात्र त्या बोटीपायी रात्री आठपर्यंत थांबावं लागे; ती बंद झालेलीच त्यांना हवी होती. "शंभर भानगडी नकोत. बोटीचं ठरवणाऱ्या समितीपुढे एकच रेघ ठेवू. फाइल द्या, मी बघतो."

"साहेब, पण एक अक्षर जरी बदललं की..."

"मला शिकवू नका!"

साहेब दार लावून कळ दाबत बसले. रेघ चढायची. पुन्हा दाबली, पुन्हा चढली. एकदाची उतरली, तर साहेबांनी आनंदाने वर 'सातच्या बोटीची घसरण' असं लिहिलं, आणि रेघ टुणकन वर! पुढेही जेव्हा जेव्हा उतरली, तेव्हा काहीतरी लिहायला जाऊन ती निसटली; संध्याकाळपर्यंत बिचाऱ्यांचं बोट दुखायला लागलं. शेवटी एक उतरती रेघ मिळाली, तेव्हा काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसा त्यांनी संगणक दोन्ही हातांनी बैठकीत नेला.

"घसरण दिसतेय खरी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण वर्ष मागचं पडलंय. तेवढं बदला."

साहेबांनी वर्ष बदललं. रेघ चढली.

"अहो, ही कसली घसरण?"

"आत्ता खाली होती हो! देवाशप्पथ!"

"अशी किती वेळा खाली गेली?"

साहेब हट्टी होते, पण खोटारडे नव्हते. "दोनशेदा दाबलं. अकरादा गेली," ते पुटपुटले.

बैठकीत मागे बसलेली आकडेबाई ताडकन उभी राहिली. "बघा! माझ्या शंभरात सहा, साहेबांच्या दोनशेत अकरा. एवढी कसून तपासणी कोण करतं हो?"

बोट चालू ठेवायचं ठरलं. अध्यक्षबाईंनी साहेबांच्या चिकाटीचं तोंडभरून कौतुक केलं, आणि दुखरं बोट चोळत साहेबांना ते ऐकून घ्यावं लागलं. अहवालाखाली आकडेबाईने आपल्या सहीच्या वर, ठळक अक्षरांत, पडताळणी करणारे म्हणून साहेबांचं नाव घातलं.